पूर्वेचं इंजिन, पश्चिमेचं तेल

सेक्रेटरींचा ठराव एकमताने मंजूर झाला. पहिली शंका त्यांना तिथेच यायला हवी होती.

कारण या गृहसंस्थेत एकमताने काही मंजूर होत नसे. जिन्याला कुठला रंग द्यायचा यावरची चर्चा इतकी लांबली होती की शेवटी भिंतींनीच कंटाळून स्वतःचा एक रंग धरला. पण सेक्रेटरी विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेले. लोकांचे अर्ज नामंजूर करण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, त्याला स्वतःचं काही मंजूर होताना पाहायची सवय नसते. सभा भरली होती तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या जागेत. प्लास्टिकच्या खुर्च्यांवरून एवढे हात वर गेलेले पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. हात तिथेच होते.

ठराव तेलाचा होता.

इमारतीला दोन विंग, एक पूर्वेची आणि एक पश्चिमेची. दोन्हीकडे जिन्याखाली एकेक छोटा जनरेटर. वीज गेली की पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालत. दोन्ही जनरेटर एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून आलेले आणि जुळ्या भावांसारखेच एकाच वेळी आजारी पडणारे. त्यांच्यातलं तेल बदलायची वेळ आली होती. सेक्रेटरींनी कुठेतरी वाचलं होतं की सिंथेटिक तेल घातलं तर छोटं इंजिनसुद्धा कमी तापतं, आत काजळी धरत नाही आणि तेलही जास्त दिवस टिकतं. किंमत मात्र साध्या तेलाच्या तिप्पट. हे सगळं त्यांनी रविवारी चहा घेताना मेहुण्याला सांगितलं. मूळ चूक ही.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फर्निचरच्या शोरूममध्ये मॅनेजर, राहायला समोरच्याच पश्चिमेच्या विंगमध्ये. कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असे आणि त्यासाठी विषय पूर्ण ऐकून घ्यायची त्याला गरज भासत नसे.

"भाऊजी, तेल ते तेल," तो म्हणाला. "आतल्या पिस्टनला काय डब्यावरचं वाचता येतं?"

"प्रश्न वाचण्याचा नाही. उष्णतेत साधं तेल जळतं, पातळ होतं—"

"अहो, एवढंसं इंजिन! त्याला काय विमानात बसवायचंय? हे म्हणजे सायकलला रेशमी सीट."

"तुम्ही पुरावा द्या."

"तुम्हीच द्या. महाग गोष्ट तुमची आहे."

"तुमचा चहा गार होतोय," सेक्रेटरींची बायको म्हणाली. "तो काही सिंथेटिक नाही."

ती घरी शिवणकाम करायची. सेक्रेटरीपद घरात आल्यापासून तिने एकही शिवण सलग घातली नव्हती. सुईत दोरा ओवला की बेल वाजे. कुणाचं बाथरूम गळतंय, कुणाच्या जागेवर कुणी गाडी लावली आहे. सेक्रेटरी नेमके बाहेर असत, मग गळती, गाडी आणि त्यामागचा सगळा इतिहास तीच दारात उभी राहून ऐकून घेई. यावर ती कधी काही बोलली नव्हती. बोलायला सलग वेळ मिळाला नव्हता, असंही म्हणता येईल.

तर सेक्रेटरींनी पुरावा द्यायचं ठरवलं. ठराव असा होता: सहा महिने पूर्वेच्या इंजिनात सिंथेटिक आणि पश्चिमेच्या इंजिनात साधं तेल घालावं. मध्ये कुणीही हात लावू नये. वार्षिक सभेच्या दिवशी दोन्ही इंजिनं अंगणात सर्वांसमक्ष उघडावीत. ज्याचं इंजिन आतून स्वच्छ निघेल, त्याचं तेल यापुढे दोन्हीकडे.

"आणि सिंथेटिक हरलं तर?" मेहुण्याने सभेत उभं राहून विचारलं.

"तर मी पद सोडीन," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही घ्या."

तेव्हाच ते हात वर गेले. निम्म्या लोकांना सेक्रेटरी जावेत असं वाटत होतं आणि उरलेल्या निम्म्यांना घरी जायचं होतं. सेक्रेटरींना मात्र एवढंच दिसलं की आयुष्यात पहिल्यांदा आपलं म्हणणं जसंच्या तसं मान्य झालं आहे. आता ते खरं ठरायला हवं होतं. खुर्चीची त्यांना फारशी मातबरी नव्हती, पण या एका ठरावावर त्यांचा जीव जडला.

संस्थेच्या नियमाप्रमाणे कुठल्याही खरेदीला तीन दुकानांची कोटेशनं लागतात. सेक्रेटरी तेलाच्या दुकानात गेले. दुकानदार गोलमटोल, हसतमुख, बोलायला मोकळा. एकदा पाहिलेला चेहरा तो विसरत नसे आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता.

"एका डब्याचं कोटेशन?" तो म्हणाला. "साहेब, डबा इथे आहे, किंमत त्याच्यावर छापली आहे. आणखी काय लिहून देऊ, तब्येत बरी आहे म्हणून?"

"तीन दुकानांची लागतात."

"मग शेजारचं दुकान माझ्या भावाचं आहे आणि पलीकडचं काकांचं. बसा तुम्ही, तिन्ही मीच लिहितो."

हे नियमात बसतं की नाही यावर सेक्रेटरींनी घरी येऊन बराच विचार केला. नियमात तीन दुकानं असं म्हटलं होतं. तीन अक्षरं वेगवेगळी हवीत असं म्हटलेलं नव्हतं.

मेकॅनिकने दोन्ही इंजिनं रिकामी केली आणि सेक्रेटरींनी मापाच्या भांड्यातून नवं तेल स्वतः ओतलं. मेकॅनिक हा सर्वांशी सहमत असणारा माणूस. पूर्वेकडे असताना तो म्हणाला, "सिंथेटिकला तोड नाही, साहेब." तीच हत्यारं घेऊन तो पश्चिमेकडे गेला आणि मेहुण्याला म्हणाला, "साध्या तेलावरच इंजिनं वाढली, साहेब. बाकी सगळी फॅशन." दोघांनीही त्याला चहा पाजला.

पहिल्यांदा वीज गेली तेव्हा सगळी इमारत जिन्यात जमली. एरवी वीज गेली की शिव्या ऐकू येत, आता लोक कान लावून उभे. पूर्वेच्या पहिल्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांनी डोळे मिटून दोन्ही इंजिनं ऐकली आणि निर्णय दिला, "पश्चिमेचं अर्धा सूर उतरलंय."

"बाई पूर्वेच्या आहेत," मेहुणा म्हणाला.

"सुराला दिशा नसते," बाई म्हणाल्या.

खरी पंचाईत पुढे झाली. पश्चिमेच्या लोकांनी आपलं इंजिन झिजू नये म्हणून ते चालवायचंच बंद केलं. वीज गेली की ते बादल्या घेऊन पूर्वेकडे पाणी भरायला येऊ लागले. सेक्रेटरींनी हरकत घेतली: दोन्ही इंजिनं सारखीच चालायला हवीत, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही. मेहुणा म्हणाला, तहान लागल्याशिवाय पाणी पाजायची सक्ती करता येत नाही. तेव्हा सेक्रेटरींनी सूचना काढली की वीज असो वा नसो, दर शनिवारी सकाळी दोन्ही इंजिनं ठरलेला वेळ चालतील. ती चालली. पंपही चालले. पण गच्चीवरच्या टाक्या आधीच भरलेल्या होत्या. पाण्याला जायला जागा नव्हती, म्हणून ते खाली आलं आणि ते पूर्वेच्या तळमजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीवर आलं. गाडीच्या काचा उघड्या होत्या.

"हे विज्ञान आहे?" डॉक्टरांनी विचारलं. ते गाडीच्या दारात उभे राहून पायपुसणी पिळत होते.

"विज्ञानात सुरुवातीला अशा गोष्टी होतात," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमच्या विज्ञानाचा खर्च पुढे मेंटेनन्समध्ये येणार का?"

सिंथेटिक जिंकलं तर दोन्ही इंजिनांत तेच घालावं लागेल आणि मेंटेनन्स थोडा वाढेल, हे सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरांनी पायपुसणी आणखी जोरात पिळली. त्यांचा चेहरा त्या वेळी नीट पाहिला असता तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण सेक्रेटरी घड्याळ पाहत होते.

तीन महिने झाल्यावर त्यांना वाटलं, नुसतं शेवटी उघडून चालणार नाही, मध्ये तपासणीही हवी. दोन्ही इंजिनांतून चमचा चमचा तेल काढून, दोन बाटल्यांत भरून ते सरकारी प्रयोगशाळेत गेले. खिडकीतल्या कारकुनाने बाटल्या उजेडाकडे धरल्या.

"कारखाना कुठला?"

"कारखाना नाही. गृहसंस्था."

"मग निवासी वर्ग. निवासी वर्गात आम्ही फक्त पिण्याचं पाणी तपासतो."

"हे तेल आहे."

"दिसतंय. पण निवासी वर्गात तेलाचा रकाना नाही."

सेक्रेटरींनी खिडकीबाहेर उभं राहून थोडा विचार केला. "पिण्याचं पाणी म्हणून घेता येईल?"

"घेता येईल," कारकून म्हणाला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

अहवाल पंधरवड्याने आला. दोन्ही नमुने पिण्यास अयोग्य. मेहुण्याने तो सगळ्या पश्चिमेला वाचून दाखवला. "पाहा, साध्यात आणि महागात फरक नाही. सरकारच म्हणतंय." सेक्रेटरींना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पण त्यांना धीर देणारी एक गोष्ट घडत होती. इंजिनात तेल किती आहे हे पाहायला एक पट्टी असते. ती बाहेर काढून पुसायची, आत घालायची, परत काढायची आणि तेल कुठल्या खुणेपर्यंत लागलंय ते बघायचं. सेक्रेटरी हे दर रविवारी करत. पश्चिमेची पातळी जिथल्या तिथे होती. पूर्वेची मात्र कमी व्हायच्या ऐवजी वर चालली होती. आधी खुणेला टेकली, मग खुणेच्या वर गेली. तेल न जाळणारं इंजिन त्यांनी ऐकलं होतं. तेल वाढवणारं ऐकलं नव्हतं. चांगल्या हिशेबी माणसाप्रमाणे त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला आणि डोळे तपासून चष्मा बदलून आणला. नव्या चष्म्यातून तेल आणखी वर दिसलं.

मग पूर्वेच्या इंजिनातून निळसर धूर येऊ लागला. गाण्याच्या बाई म्हणाल्या, घसा बसलाय. मेकॅनिकने धुरात हात फिरवला, बोटं हुंगली आणि म्हणाला, "सिंथेटिकचा धूर आहे, साहेब. उंची असतो."

सेक्रेटरींना हे पटलं. माणसाला काय पटावं हे बऱ्याचदा त्याला काय हवं आहे त्यावर ठरतं. दावे विभागात असताना त्यांनी हे वाक्य कितीतरी अर्जदारांना ऐकवलं होतं.

वार्षिक सभेच्या दिवशी अंगणात सतरंज्या घातल्या. निकाल निःपक्षपाती व्हावा म्हणून सेक्रेटरींनी पंच आणला होता: तेलाचा दुकानदार. तो दोन्ही तेलं विकतो, त्याला दोन्ही सारखी, हा त्यांचा तर्क. तर्कात दोष काढायला जागा नव्हती. पंच यायला जरा उशीर होता, म्हणून मेकॅनिकने काम सुरू केलं.

आधी पश्चिमेचं. खाली ट्रे ठेवला, नट सोडला. तेल बाहेर आलं ते मधासारखं. ट्रेमध्ये सेक्रेटरींनी आखून ठेवलेल्या रेघेपर्यंत आलं आणि थांबलं. झाकण उघडलं. आतला भाग इतका स्वच्छ, की मेकॅनिक स्वतः दचकला.

पश्चिमेने टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने हात वर करून त्या थांबवल्या, पण लगेच नाही.

मग पूर्वेचं. नट सोडला. काळं, घट्ट, मध्येच पातळ, मध्येच गुठळ्यांचं असं काहीतरी ट्रेमध्ये पडू लागलं. रेघेपर्यंत आलं. रेघ ओलांडली. ट्रे भरला. मेकॅनिकने बादली मागवली. बादलीही पुढे सरकवावी लागली. सतरंजीच्या कडेला बसलेली माणसं पाय आवरून घेऊ लागली.

"घातलं होतं त्याच्यापेक्षा जास्त निघतंय," कुणीतरी म्हणालं.

"कधीकधी इंजिनात तेल तयार होतं," मेकॅनिक म्हणाला. पण या वेळी त्याला कुणी चहा विचारला नाही.

आतून पूर्वेचं इंजिन चुलीसारखं काळं होतं. सेक्रेटरींनी वाकून पाहिलं. मग ते सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा अगदी शांत होता. मोठा दावा भरून द्यावा लागला की विमा कंपनीत सगळे असाच चेहरा करत.

"भाऊजी," मेहुणा हळू आवाजात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका, "ठराव म्हणजे ठराव. वाईट वाटून घेऊ नका."

तेवढ्यात फाटकातून पंच आले. घाम पुसत दोन पावलं आत आले आणि जमलेले चेहरे पाहून त्यांना अतोनात आनंद झाला.

"अरे! तुम्ही सगळे एकाच इमारतीतले?" त्यांनी आधी मेहुण्याचा हात हातात घेतला. "साहेब, सिंथेटिक लागू पडलं ना? मी म्हटलंच होतं, एकदा जुनं पूर्ण काढून टाका आणि हे भरा. परत साध्याकडे बघणार नाही!"

मग ते डॉक्टरांकडे वळले.

"आणि डॉक्टर! तुमचं ते सगळ्यात स्वस्त तेल. सुटं, बाटलीतलं. पुरलं का? मी विचारलं होतं, एवढं हलकं कशाला, तर म्हणालात, कुणाच्या तरी भल्यासाठी हवंय." डॉक्टर आपल्या नखांकडे पाहू लागले. "बाई, तुम्हीसुद्धा!"

"मी थोडंसंच घातलं," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "घसा कोरडा वाटत होता त्याचा."

पंचांची नजर पुढे सरकली आणि सेक्रेटरींच्या बायकोवर येऊन थांबली. तिने पदराने कपाळ टिपलं.

"वहिनी, तुमचं शिलाई मशीन मात्र फार तेल पितं हं. एवढ्या बाटल्या कारखान्यातसुद्धा लागत नाहीत."

आता सगळं स्पष्ट होतं. महाग तेलाच्या इंजिनात सगळ्या इमारतीने मिळेल ते ओतलं होतं आणि साध्या तेलाच्या इंजिनात साधं तेल उरलंच नव्हतं. सिंथेटिक हरलं होतं ते सिंथेटिककडूनच.

"प्रयोग रद्द!" पूर्वेकडून कुणीतरी ओरडलं. "परत घ्या!" पश्चिमेकडून कुणीतरी म्हणालं, ठरावात कुठे लिहिलंय की इंजिनात काय होतं ते बघायचं? स्वच्छ कुठलं, एवढंच बघायचं. दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. गृहसंस्था आपल्या मूळ स्वभावावर आली.

सेक्रेटरींनी हात वर केला. त्यांचा आवाज दावे विभागातला होता, कोरडा आणि सौम्य.

"मेहुणेबुवा, एकच प्रश्न. तेल ते तेल, असं तुमचं म्हणणं होतं?"

"होतं. म्हणजे, आहे."

"साध्यात आणि सिंथेटिकमध्ये फरक नाही?"

"नाही."

"मग हरू नये असं वाटलं तेव्हा तुम्ही दुकानात जाऊन काय घेतलंत?"

मेहुण्याने तोंड उघडलं. त्याचं मत नेहमीप्रमाणे तयार असावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ते तयार नव्हतं.

"स्वतःच्या खिशातून," सेक्रेटरी म्हणाले. "तिप्पट देऊन. लपूनछपून. सहा महिने मी पुरावा इंजिनात शोधत होतो." त्यांनी खिशातून जिन्याच्या, गच्चीच्या आणि पंपाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मेहुण्याच्या हातावर ठेवला. "ठराव म्हणजे ठराव. पद तुमचं. इथून पुढे दोन्हीकडे साधं तेल. तीन कोटेशनं घ्यायला विसरू नका."

मेहुण्याने किल्ल्यांकडे पाहिलं. पश्चिमेने टाळ्या वाजवल्या, पण त्या कशासाठी हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. टाळ्या थांबायच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पुढे झाले आणि नव्या सेक्रेटरींना म्हणाले, "बरं झालं भेटलात. आमचं बाथरूम गळतंय."

संध्याकाळी घरात शांतता होती. बायको मशीनवर बसली होती. कापड सरळ पुढे सरकत होतं, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सेक्रेटरी दारात उभे होते.

"रागावलात?" तिने मान वर न करता विचारलं.

"शिलाई मशीनचं तेल कुणी जनरेटरच्या इंजिनात घालतं का?"

"नाही घालत. म्हणून तर घातलं."

बोलण्यासारखं होतं, पण त्याआधी त्यांच्या लक्षात आलं की बराच वेळ बेल वाजलेली नाही. समोरच्या विंगमधून मात्र एकसारखी ऐकू येत होती. मेहुण्याचा आवाजही येत होता, तो कुणाला तरी समजावून सांगत होता की जागा म्हणजे जागा.

मग आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली.

"मशीन आज आवाज करत नाहीये."

"हो ना," ती म्हणाली. "माझं सगळं तेल तुमच्या इंजिनात गेलं. मग माझ्या भावाने त्याच्या डब्यात उरलेलं दिलं. दोन थेंब टाकले काल."

माजी सेक्रेटरींनी खुर्ची ओढली, मशीनजवळ नेली आणि बसले. नवा चष्मा काढून मांडीवर ठेवला, मान जरा कलती केली आणि कान देऊन ऐकू लागले. काहीच ऐकू येत नव्हतं. ते खूप वेळ ऐकत राहिले.